पोस्त, सानुग्रह आणि हक्क

दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रातील महापालिकांच्या व नगरपालिकांच्या दारात जी बोलणी चालतात, त्यांकडे वर्तमानपत्रे एका चौकटीच्या बातमीपलीकडे लक्ष देत नाहीत. ‘पालिका कर्मचाऱ्यांची दिवाळी गोड’ हा मथळा वर्षानुवर्षे ठरलेला आहे. त्याखाली एक रक्कम असते आणि ती कोणी जाहीर केली त्याचे छायाचित्र असते. कर भरणारा नागरिक ते वाचून थोडा कुरकुरतो, कर्मचारी गेल्या वर्षीच्या रकमेशी ताडून पाहतो आणि विषय संपतो. माझ्या मते मात्र स्थानिक स्वराज्याच्या प्रकृतीचे निदान करावयाचे असेल तर अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकापेक्षा ही चौकट अधिक उपयोगी आहे. पैसे कोण देतो, कोणाला देतो, कोणत्या नावाने देतो आणि कोणाला वगळतो, या चार प्रश्नांची उत्तरे तीत एकत्र सापडतात.

प्रथम नावांकडे पाहू. रस्ता झाडणारा किंवा घंटागाडीवर चालणारा माणूस दारावर येऊन मागतो ती पोस्त. महापालिका आपल्या कायम सेवकांना देते ते सानुग्रह अनुदान. आरोग्य सेविका, बालवाडी शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका यांना मिळते ती भाऊबीज भेट. कारखान्यातील कामगाराला मिळतो तो बोनस. चारही रकमा वर्षभराच्या श्रमापोटी, एकाच आठवड्यात हाती येतात. परंतु या चार शब्दांपैकी हक्काचा आशय एकाच शब्दात आहे, आणि तो शब्द परकीय भाषेतून आलेला आहे. सानुग्रह म्हणजे कृपेसहित. वर्षभर गटारात उतरणाऱ्या माणसावर शहराने वर्षाअखेरीस कृपा करावी, अशी ही प्रशासकीय मराठी आहे.

ही केवळ शब्दांची बाब असती तर तीवर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. या शब्दामागे कायदा उभा आहे. १९६५ च्या बोनस कायद्याच्या ३२ व्या कलमाने केंद्र व राज्य शासनाची खाती आणि स्थानिक संस्था यांच्या सेवकांना त्या कायद्यातून वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन संहिता अमलात आली आणि तो कायदा तीत विरघळला, तरी हे वगळणे कायम राहिले. म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगाराला बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क कधीच नव्हता. जे मिळाले ते संघटनेच्या बळावर आणि वाटाघाटीने. मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांच्या संघटनेत जॉर्ज फर्नांडिस यांची पिढी कामाला लागली तेव्हाची परिस्थिती ज्यांनी ऐकली-वाचली आहे, त्यांना हे बळ किती कष्टाने उभे राहिले ते सांगावयास नको.

बोनसचा इतिहासही असाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी नफ्यातून कामगारांना जी रक्कम दिली, ती १९२३ साली त्यांनी बंद केली. १९२४ च्या आरंभी गिरण्यांत मोठा संप झाला. त्यावर नेमलेल्या, सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने कायदा, रूढी किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना बोनसवर हक्क सांगता येत नाही, असा निर्वाळा दिला. त्या निर्वाळ्यापासून १९५० च्या लेबर अपेलेट ट्रायब्यूनलच्या सूत्रापर्यंत यावयास पाव शतक लागले, आणि मेहेर आयोगाच्या अहवालानंतर १९६५ चा कायदा झाला. त्यात किमान बोनस ४ टक्के होता, तो १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाला. वर्षाच्या बारा पगारांवर तेरावा, असा त्याचा सरळ अर्थ. (इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर नेला आणि बुडालेले चार आठवडे दिवाळीला परत केले, अशी एक कथा दरवर्षी मोबाइलवरून फिरते. ती ऐकावयास बरी वाटते, परंतु तीत संप करणारा कामगार कोठेच नाही. यावरूनच ती कोणाच्या सोयीची आहे ते समजावे.) आणीबाणीत, सप्टेंबर १९७५ च्या वटहुकुमाने, किमान बोनस पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला. त्या वेळी बोलणारे तुरुंगात होते. १९७७ मध्ये जनता सरकारने ८.३३ टक्के पूर्ववत केले. तेव्हा दिवाळीच्या गोडीचा संबंध नागरी स्वातंत्र्याशी किती निकटचा आहे, हे आपल्या चळवळीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आता अलीकडच्या वर्षांकडे वळू. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुण्याची त्याच महिन्यात संपली. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि नवी मुंबई येथे तर २०२० पासूनच प्रशासक बसला होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-यू मध्ये मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे. तरीही आधी महामारी, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा २०२१ चा निकाल, मग प्रभागरचनेचे उलटसुलट कायदे, अशी कारणांची साखळी लांबत गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, त्याचीही मुदत वाढवून घेण्यात आली आणि महापालिकांचे मतदान अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. या अवधीत मुंबईने चार गणेशोत्सव आणि चार दिवाळ्या लोकप्रतिनिधींवाचून काढल्या.

उत्सव काही अडले नाहीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाट्या स्वच्छ झाल्या, फटाक्यांचा कचरा सकाळी उचलला गेला. काही सुशिक्षित मंडळी तर उघडपणे म्हणू लागली की नगरसेवक नाहीत तेच बरे, टक्केवारी तरी वाचते. हा युक्तिवाद मी प्राध्यापकांच्या कट्ट्यावरही ऐकला आहे आणि त्याचा मला खेद वाटतो. टक्केवारी नाहीशी झाली की तिचा पत्ता बदलला, हे तपासण्याचे साधनच ज्या काळात नव्हते, त्या काळाला स्वच्छ म्हणणे धाडसाचे आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षी मुंबईचा अर्थसंकल्प आयुक्तांनी प्रशासकाला सादर केला, आणि आयुक्त व प्रशासक ही एकच व्यक्ती होती. २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटींचा होता, २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा झाला. तीन वर्षांत सुमारे २८ हजार कोटींची वाढ झाली, आणि तीवर सभागृहात एकही हरकतीचा मुद्दा उपस्थित झाला नाही, कारण सभागृहच नव्हते. १९६१ साली मृणाल गोरे मुंबईच्या महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावच्या बायांचे हंडे पुढे पालिकेच्या दारात वाजले, आणि आतही त्यांची बाजू मांडणारे कोणी होते. हंडा दारात वाजतो तेव्हा आत कोणी तरी आपले असावे लागते. ते नसले तर हंड्याचा केवळ आवाज होतो.

या काळात सानुग्रह अनुदानाचे काय झाले? ते थांबले नाही, वाढले. २०२२ मध्ये २२,५०० रुपये, २०२३ मध्ये २६,०००, २०२४ मध्ये २९,००० आणि २०२५ मध्ये ३१,०००. कामगारांच्या हाती चार पैसे अधिक पडले याचा आनंदच आहे. परंतु २०२४ ची घोषणा कोणत्या दिवशी झाली? १५ ऑक्टोबरला, म्हणजे ज्या दिवशी विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली त्याच दिवशी, आणि ती केली मुख्यमंत्र्यांनी. महापालिकेच्या तिजोरीतून, महापालिकेच्या सेवकांना द्यावयाची रक्कम राज्याच्या प्रमुखाने जाहीर करावी आणि त्याबद्दल कोणालाच काही वाटू नये, इतकी आपली स्थानिक स्वराज्याची कल्पना क्षीण झाली आहे. सभागृह असतानाही मोठे निर्णय सत्ताधारी पक्षाच्या नेत्याच्या दिवाणखान्यात होत, हे मी जाणतो. तरी त्यावर महापौरांना बोलावे लागे, स्थायी समितीत विरोधकांना ठेकेदाराच्या कामगारांचे काय असे विचारता येई, आणि ते इतिवृत्तात नोंदले जाई. प्रशासकाच्या राजवटीत संघटनांना उरला तो मंत्रालयाचा जिना.

करदात्यांच्या कुरकुरीलाही उत्तर देणे आवश्यक आहे. लाखभर कर्मचारी धरले तर ३१,००० रुपयांप्रमाणे ३१० कोटी होतात. ७४ हजार कोटींच्या अर्थसंकल्पात हे अर्धा टक्कादेखील नाही. शिवाय ही रक्कम शिपायाला आणि वरच्या श्रेणीतील सेवकाला सारखीच मिळते, टक्केवारीने मिळत नाही. सरकारी वेतनाच्या सर्व प्रकारांत इतकी समतेची तरतूद मला दुसरी आठवत नाही. वेतन आयोग शिडीवरच्या अंतराला हात लावीत नाहीत, दिवाळीची ही रक्कम एक दिवस ते थोडे कमी करते.

खरा अन्याय या रकमेच्या कुंपणाबाहेर आहे. २०२५ च्या त्याच घोषणेत सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांना १४,००० रुपये आणि बालवाडी शिक्षिका व मदतनीस यांना ५,००० रुपये भाऊबीज भेट होती. राज्य शासन अंगणवाडी सेविकांना भाऊबीज म्हणून २,००० रुपये देत आले आहे. या स्त्रिया घरोघर जाऊन क्षयाचे रुग्ण शोधतात, लसीकरणाच्या नोंदी ठेवतात, मुले सांभाळतात. त्यांच्या कामाला नाव स्वयंसेवा, पगाराला नाव मानधन, आणि बोनसला नाव भाऊबीज. तिन्ही शब्द सुंदर आहेत आणि तिन्हींचे काम एकच, मजुरीचा संबंध दिसू न देणे. भावाने बहिणीला ओवाळणी किती घालावी हा त्याच्या प्रेमाचा प्रश्न असतो, तीबद्दल औद्योगिक न्यायालयात जाता येत नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असा निर्णय दिला, तो यासाठी फार मोलाचा आहे. त्या न्यायाने त्यांच्या दिवाळीलाही दुसरे नाव मिळावयास हवे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे ऑक्टोबर व नोव्हेंबरचे हप्ते निवडणुकीपूर्वी एकदम जमा करून त्यांनाही ओवाळणी म्हटले गेले. राज्यकर्त्यांना हे नाते सोयीचे झाले आहे. भाऊ हिशेब देत नसतो.

आणि या साऱ्यांच्या पलीकडे ठेकेदाराकडचा कामगार आहे. येथे कायद्याची एक विलक्षण गंमत आहे. कायम कामगाराला बोनसचा कायदा लागू नाही, पण ठेकेदार हा खाजगी मालक असल्यामुळे त्याच्या कामगाराला तो लागू होता, आणि आता वेतन संहितेत ती तरतूद आहे. वर्षात तीस दिवस काम भरले की किमान ८.३३ टक्के बोनस, हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. म्हणजे एप्रिल ते मार्च असे वर्ष धरल्यास ३० नोव्हेंबरच्या आत. ज्याला हक्क नाही त्याला ३१,००० मिळतात, आणि ज्याला हक्क आहे त्याच्या हातावर पुष्कळ ठिकाणी मिठाईचा पुडा ठेवला जातो, तोही सही घेऊन. सही कशावर घेतली हे त्याला वाचून दाखविणारा कोणी नसतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एका बाबीकडे लक्ष वेधतो. बोनससाठी पगाराची जी कमाल मर्यादा असते, ती १९६५ मध्ये १,६०० रुपये होती, २००७ मध्ये १०,००० झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २१,०००. या उड्यांच्या मध्ये भाव चढत राहतात, महागाईशी निगडित किमान वेतनही थोडे चढते, आणि मर्यादा मात्र जागेवर असते. परिणामी पगार शंभर-दोनशे रुपयांनी मर्यादा ओलांडतो आणि त्या वाढीची किंमत म्हणून पूर्ण बोनस जातो. संहितेने ही मर्यादा ठरविण्याचे काम अधिसूचनेवर सोपविले. संसदेत जी चर्चा व्हावयाची ती आता राजपत्राच्या एका पानावर होणार. मुदत संपलेली सभागृहे आणि अधिसूचनेवर चालणारे कामगार कायदे, यांत मला एकच प्रवृत्ती दिसते.

कामगाराने काय करावे? एक उदाहरण आपल्यापुढे आहे. मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून सिद्ध केले की ठेका हा देखावा आहे, खरा मालक महापालिका आहे. औद्योगिक न्यायाधिकरणाचा २०१४ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला आणि २,७०० सफाई कामगार कायम ठरले. पुण्यात दुसरा मार्ग निघाला. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, जिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मधल्या ठेकेदारावाचून पत्करले. दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. पहिल्यात न्यायालयाची पायरी झिजविण्यात कामगाराचे तारुण्य जाते, दुसऱ्यात कराराच्या नूतनीकरणाची तलवार डोक्यावर राहते. तरी दोहोंत कामगार याचक नाही.

लहान नगरपालिकांची कथा याहून वेगळी आणि अधिक करुण आहे. तेथे द्यावयाची इच्छा असली तरी पेटी रिकामी असते. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांची तिच्या मागोमाग. स्थानिक संस्था कर आला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांशी गेला. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाली. जकात नाक्यांवरील भ्रष्टाचाराचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु त्या बदली नगरपालिकेच्या पदरी आले ते राज्याचे सहायक अनुदान, आणि ते अनुदान वेळेवर येणे हा योगायोग होऊन बसला आहे. मग धनत्रयोदशीला सफाई कामगार नगरपालिकेच्या पायऱ्यांवर धरणे धरतात, मुख्याधिकारी मंत्रालयाकडे बोट दाखवितात, आणि नगराध्यक्ष असलाच तर तो पालकमंत्र्यांना दूरध्वनी लावतो. स्वतःची कमाई नसलेल्या कुटुंबप्रमुखाचा जो अवमान दिवाळीत होतो, तोच येथे संस्थेचा होतो.

राज्याने सणासुदीला थेट घरात शिरण्याचा प्रयोगही करून पाहिला. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. गरिबाच्या घरी करंजी तळली गेली असेल तर मी तिला नाक मुरडणार नाही. पहिल्या वर्षी अनेक गावांत तो वेळेवर पोहोचला नाही, पुढे तो इतर सणांनाही मिळू लागला, आणि २०२५ च्या दिवाळीत पैशाच्या ओढाताणीमुळे मिळाला नाही. नाही मिळाला म्हणून कोणाला न्यायालयात जाता आले नाही, ग्रामसभेत ठराव करता आला नाही. शिधापत्रिकेवरचे धान्य अन्न सुरक्षा कायद्याने मिळते, ते बंद झाले असते तर मोर्चे निघाले असते. आनंदाच्या शिध्यासाठी मोर्चा कसा काढणार? तो आनंद होता.

आमच्या गृहरचना संस्थेत एका वर्षी फलक लागला की घंटागाडीवरील कामगारांना सभासदांनी पोस्त देऊ नये, त्यांना महापालिका बोनस देते. कार्यकारिणीच्या चिटणिसांना मी विचारले की ते महापालिकेचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत हे तुम्हांस माहीत आहे काय. त्यांना माहीत नव्हते, आणि गाडीवर महापालिकेचे बोधचिन्ह असल्यामुळे त्यांनी तसे समजणे स्वाभाविक होते. कामगारांना विचारले तर त्यांना बोनस हा शब्द ठाऊक होता, पण तो आपल्याला लागू आहे हे ठाऊक नव्हते. पोस्त द्यावी की न द्यावी यावर सभासदांत पुष्कळ वाद झाला. मी दिली आणि देतो. पण शहाण्या माणसांच्या त्या बैठकीत ठेकेदाराचे नाव कोणालाही सांगता आले नाही, ही गोष्ट मला पोस्तीहून महत्त्वाची वाटली.

२०२५-२६ च्या निवडणुकांनी सभागृहे परत आली. प्रशासकाच्या काळात इच्छुक उमेदवारांनी उटण्याच्या पुड्या, आकाशकंदील आणि दिवाळी पहाटेच्या मैफली यांवर जो खर्च केला, तो पाहता निवडून आलेल्यांपैकी अनेकांना दिवाळीचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. त्यांच्याकडे कंदील मागण्याऐवजी आपण तीन कागद मागू शकतो. प्रभागात सफाई, पाणी, उद्याने आणि दवाखाने यांची कामे कोणत्या ठेकेदाराकडे आहेत आणि प्रत्येकाकडे किती कामगार आहेत, त्याचा तक्ता. निविदेत मजुरीचा दर धरताना बोनसची रक्कम धरली होती काय, त्याचा उतारा. ती कामगारांच्या बँक खात्यात जमा झाल्याचा दाखला, आणि तो मिळेपर्यंत ठेकेदाराचे ऑक्टोबरचे देयक रोखण्याचा स्थायी समितीचा ठराव. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केल्यास उत्तरास तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज गणपतीचे विसर्जन होताच द्यावा लागतो. नवरात्रात दिला तर उत्तर यावयास दिवाळी उलटून जाते. ज्या शाखांचे दोनच कार्यकर्ते उरले आहेत त्यांनाही हे काम झेपण्यासारखे आहे. एकाने अर्ज लिहावा, दुसऱ्याने पहाटे हजेरी चौकीवर उभे राहून कामगारांची नावे घ्यावीत. आवक-जावक कक्षातून पोचेचा शिक्का घेण्यास विसरू नये.